अमेरिकेच्या राज्यघटनेत जपून ठेवलेलं जुनं इंग्लंड

1689 साली लंडनच्या पार्लमेंटने 'बिल ऑफ राइट्स' मंजूर केलं. त्यात एक छोटं वाक्य आहे: अवाजवी जामीन मागू नये, अवाजवी दंड लादू नये, क्रूर आणि प्रघाताबाहेरच्या शिक्षा देऊ नयेत. एकशे दोन वर्षांनी, 1791 साली, अमेरिकेच्या राज्यघटनेला आठवी दुरुस्ती जोडली गेली. ती म्हणते: अवाजवी जामीन मागितला जाणार नाही, अवाजवी दंड लादला जाणार नाही, क्रूर आणि प्रघाताबाहेरच्या शिक्षा दिल्या जाणार नाहीत. शब्द तेच आणि क्रमही तोच. बदललं ते फक्त क्रियापद. इंग्लंडच्या कायद्यात 'ऑट' होतं, म्हणजे असं व्हायला हवं. व्हर्जिनियाने 1776 च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात हेच वाक्य घेतलं तेव्हाही 'ऑट' तसंच राहिलं होतं. जेम्स मॅडिसनने दुरुस्त्यांचा मसुदा करताना तिथे 'शॅल' घातलं. 'ऑट'ने राजाला बजावलं होतं; 'शॅल'ने सरकारला बांधून टाकलं.

अमेरिकेची शासनपद्धती कुठून आली याचा हा सगळ्यात स्वच्छ नमुना. याबद्दल दोन समज सर्रास आढळतात. एक, अमेरिकेने ब्रिटिशांचं सगळं झुगारून पूर्ण नवं काहीतरी उभारलं. दुसरा, राजाच्या जागी राष्ट्राध्यक्ष बसवला आणि बाकी सगळं उचललं. दोन्ही अर्धवट आहेत. खरं म्हणजे, सतराव्या शतकात इंग्लंडने राजाशी भांडून जे नियम मिळवले होते तेच अमेरिकनांनी घेतले, आवळून घट्ट केले आणि कागदावर उतरवले. इंग्लंड मात्र तिथे थांबलं नाही. पुढच्या दोनशे वर्षांत त्यातले बरेच नियम तिथे सैल झाले किंवा रद्दच झाले. म्हणून आज जुन्या इंग्लंडची राज्यपद्धती कामावर असलेली बघायची, तर वॉशिंग्टनमध्ये ती लंडनपेक्षा जास्त सापडते.

सनद, गव्हर्नर आणि गव्हर्नरचा पगार

1606 साली राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनिया वसवण्यासाठी सनद दिली. तिथे राहायला जाणाऱ्यांना आणि तिथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रजेइतकेच हक्क राहतील, असं त्या सनदेत लिहिलं होतं. पुढची पावणेदोनशे वर्षं वसाहतींमधला प्रत्येक वाद या एका आश्वासनाभोवती फिरत राहिला. 30 जुलै 1619 रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये व्हर्जिनियाची पहिली प्रतिनिधी सभा भरली. 11 वस्त्यांमधून 22 प्रतिनिधी आले होते.

अठराव्या शतकापर्यंत बहुतेक वसाहतींत एकच साचा रुळला होता. वर गव्हर्नर, त्याच्याजवळ एक कौन्सिल आणि खाली निवडून आलेली असेंब्ली. राजा, लॉर्ड्स (पार्लमेंटचं वरचं सभागृह) आणि कॉमन्स (खालचं, निवडून आलेलं) यांचीच ही लहान आवृत्ती होती. मतदानाचा नियमही तिकडचाच: ज्याच्या नावावर ठरावीक मालमत्ता, त्याला मत.

या साच्यात खरी ताकद कुठे होती ते पाहायला हवं. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजाने नेमलेला असे, कायदा अडवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, पण कर बसवायचा अधिकार असेंब्लीकडे. आणि त्या करातूनच गव्हर्नरचा पगार निघे. असेंब्ल्या तो पगार कायमचा ठरवून देत नसत. दरवर्षी मंजूर करत. 1728 साली मॅसॅच्युसेट्सला विल्यम बर्नेट हा गव्हर्नर आला आणि कायमस्वरूपी पगार द्या म्हणून हटून बसला. असेंब्ली बधली नाही. कॉमन्सने सतराव्या शतकात स्टुअर्ट राजांवर वापरलेली युक्ती तीच: पैशाची दोरी हातात ठेवायची आणि दरवेळी थोडीच सोडायची. 1772 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा आणि वरिष्ठ न्यायाधीशांचा पगार परस्पर राजाच्या तिजोरीतून देण्याचं ठरलं, तेव्हा बोस्टनमध्ये खळबळ माजली ती यामुळेच. लोकांवरचा बोजा कमी होत होता, तरीही ते संतापले. दोरीच हातातून जात होती.

दुसरी सवय याहून खोलवर रुजली. वसाहतीची असेंब्ली वाटेल तो कायदा करू शकत नव्हती. तो सनदेशी आणि इंग्लंडच्या कायद्यांशी विसंगत नसावा लागे, नाहीतर लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचं सल्लागार मंडळ, तो रद्द करू शके. म्हणजे विधिमंडळाच्या वर एक लिखित कागद असतो आणि त्याच्या विरोधात गेलेला कायदा टिकत नाही, ही गोष्ट वसाहतींतल्या वकिलांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. कनेक्टिकटने 1662 ची आणि ऱ्होड आयलंडने 1663 ची राजाने दिलेली सनद स्वातंत्र्यानंतरही आपली घटना म्हणून चालू ठेवली. कनेक्टिकटमध्ये ती 1818 पर्यंत चालली, ऱ्होड आयलंडमध्ये 1843 पर्यंत.

शिदोरीतले कागद

वसाहतींतले लोक 'इंग्लिश माणसाचे हक्क' म्हणत तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ठरावीक कागद असत.

पहिला मॅग्ना कार्टा, 15 जून 1215, थेम्सकाठचं रनिमीड. बंड केलेल्या सरदारांनी जॉन राजाकडून तो कबूल करून घेतला. त्यातली बरीचशी कलमं जमीन, वारसा, सरदारांचं देणं, नदीतले मासेमारीचे बांध अशा विषयांवर आहेत. काही आठवड्यांतच पोपने तो रद्दबातल ठरवला. नंतर 1216, 1217 आणि 1225 मध्ये तो बदलून पुन्हा जारी झाला. लोकशाहीचा जन्म म्हणून त्याचं वर्णन होतं ते चुकीचं आहे. संरक्षण 'स्वतंत्र माणसाला' होतं, आणि त्या काळी शेतावर राबणारे बहुसंख्य लोक जमीनदाराला बांधलेले होते. तरी 39 वं कलम जगलं: समकक्षांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला पकडायचं नाही, त्याची मालमत्ता घ्यायची नाही, त्याला हद्दपार करायचं नाही. 1354 च्या एका कायद्यात हाच मुद्दा 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' या शब्दांत आला, आणि तिथून हे शब्द अमेरिकेच्या पाचव्या दुरुस्तीत पोचले. (आपल्या घटना समितीतही हे शब्द घ्यायचे की नाही यावर बराच खल झाला. अनुच्छेद 21 मध्ये ते मुद्दाम टाळून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असं लिहिलं गेलं.)

मधली साखळी एडवर्ड कोक या न्यायाधीशाने जोडली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने मॅग्ना कार्टाचा अर्थ सरदारांपुरता न ठेवता सगळ्या प्रजेला लावला. इतिहास म्हणून पाहिलं तर ती ओढाताण होती, पण अमेरिकन वकील कायदा शिकले ते कोक वाचून. 1628 च्या 'पिटिशन ऑफ राइट'मागेही तोच होता. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नको, कारण न सांगता तुरुंगात टाकू नये, लोकांच्या घरात सैनिक उतरवू नयेत आणि शांततेच्या काळात लष्करी कायदा लावू नये, या चार मागण्या त्यात होत्या. 1679 मध्ये हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारा, कायदा आला. मग 1689 चं बिल ऑफ राइट्स, आणि शेवटी 1701 चा 'ॲक्ट ऑफ सेटलमेंट'. या शेवटच्याकडे पुन्हा यायचं आहे, कारण त्यातलं एक विसरलेलं कलम फार महत्त्वाचं ठरलं.

कायद्यांबरोबर विचारही गेले. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं असं की सरकार लोकांच्या संमतीने, त्यांचं जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता जपण्यासाठी असतं आणि ते काम सरकारने मोडलं तर लोकांना ते बदलता येतं. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला भाग याच विचारावर उभा आहे. जेफर्सनने मालमत्तेच्या जागी 'सुखाचा शोध' घातला. पण लॉकमध्ये सरकारचा आराखडा शोधू नये, तो तिथे फारसा नाही. आराखडा आला तो वसाहतींच्या अनुभवातून, ब्लॅकस्टोनच्या इंग्लिश कायद्यावरच्या, 1765 ते 1769 दरम्यान निघालेल्या चार खंडांतून, आणि एका फ्रेंच माणसाकडून. माँतेस्क्यूने 1748 मध्ये लिहिलं की इंग्लंडमध्ये स्वातंत्र्य टिकतं ते कायदे करणं, अंमल करणं आणि न्याय देणं ही कामं वेगळ्या हातांत असल्यामुळे. वर्णन देखणं होतं, पण तोवर लंडनमध्ये ते मागे पडू लागलं होतं. रॉबर्ट वॉलपोल 1721 पासून वीस वर्षं कॉमन्समध्ये बसूनच राजाचा कारभार चालवत होता. पुस्तकातलं इंग्लंड आणि खरं इंग्लंड यांत अंतर पडलं होतं, आणि अमेरिकनांनी पुस्तकातलं बांधलं.

भांडण नेमकं कशावरून झालं

1765 च्या मार्चमध्ये पार्लमेंटने स्टॅम्प ॲक्ट केला. वसाहतींतले दस्तऐवज, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकाखाली आले. वसाहतींचं उत्तर 1628 आणि 1689 च्या भाषेत होतं: आमच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर नाही. लंडनचा प्रतिवाद असा की प्रतिनिधित्व आहेच. पार्लमेंटचा प्रत्येक सदस्य साऱ्या साम्राज्याचा विचार करतो. मँचेस्टरसारख्या मोठ्या गावालासुद्धा स्वतःचा सदस्य नाही, मग तुमची तक्रार काय? त्याच वेळी ओल्ड सेरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीला दोन सदस्य होते. वसाहतींच्या दृष्टीने मँचेस्टरचं उदाहरण म्हणजे बचाव नव्हता, तीही एक चूकच होती.

पुढच्या वर्षी कर मागे घेतला गेला, पण त्याच दिवशी डिक्लेरेटरी ॲक्टही झाला: वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधणारे कायदे करण्याचा पार्लमेंटला अधिकार आहे. दोन इंग्लिश सिद्धान्त इथे समोरासमोर उभे राहिले. ब्लॅकस्टोनचा, की पार्लमेंट सर्वश्रेष्ठ आहे. आणि कोकचा, 1610 च्या डॉ. बॉनहॅम खटल्यातला, की समंजसपणाच्या विरोधात जाणारा पार्लमेंटचा कायदाही न्यायालय निरर्थक ठरवू शकतं. इंग्लंडमध्ये ब्लॅकस्टोन जिंकला. अमेरिकेत कोक जिंकला, आणि 1803 च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन निकालात सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या विधिमंडळाच्या, कायद्याचं एक कलम घटनाबाह्य ठरवलं तेव्हा त्यावर शिक्का बसला.

फिलाडेल्फिया, 1787

आधीचा प्रयोग फसला होता. 1781 मध्ये अमलात आलेल्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'ने मध्यवर्ती सरकारला कर बसवण्याचा अधिकारच दिला नाही, राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. लंडनच्या अनुभवाची धास्ती इतकी होती की मध्यवर्ती सत्ता जवळपास हातपाय बांधून ठेवली गेली. दुरुस्तीसाठी तेराही राज्यांचं एकमत लागे, ते कधी झालं नाही. म्हणून 25 मे ते 17 सप्टेंबर 1787 दरम्यान फिलाडेल्फियात अधिवेशन भरलं. 55 प्रतिनिधी आले आणि 39 जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही.

तिथे काय घेतलं आणि कसं वाकवलं, ते भागाभागाने पाहू.

पैसा. महसुलाचं विधेयक खालच्या सभागृहातच सुरू होईल, हा नियम कॉमन्सचा. पण कॉमन्सने सतराव्या शतकात लॉर्ड्सना त्यात फेरफार करायलाही मनाई केली होती. अमेरिकेत सिनेटला, म्हणजे वरच्या सभागृहाला, ती मुभा आहे. छोट्या आणि मोठ्या राज्यांमधल्या तडजोडीचा तो भाग होता.

सैन्य. 1689 पासून पार्लमेंट लष्करी शिस्तीचा 'म्युटिनी ॲक्ट' थोड्या मुदतीसाठीच मंजूर करत आलं. मुदत संपली की सैन्याची शिस्त कायद्याने लावता येत नाही, म्हणून राजाला पार्लमेंट बोलवावंच लागे. अमेरिकेच्या घटनेत त्याचं रूप असं: सैन्यासाठीची रक्कम एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी मंजूर करता येणार नाही. प्रतिनिधीगृहाची मुदतही दोनच वर्षं, म्हणजे प्रत्येक नव्या सभागृहाला सैन्याचा प्रश्न हाताळावाच लागतो. युद्ध पुकारणं आणि सैन्य उभारणं हे राजाचे अधिकार होते, ते काँग्रेसकडे गेले. राष्ट्राध्यक्षाकडे सरसेनापतिपद उरलं.

नकाराधिकार. इंग्लंडच्या राणीने विधेयकाला शेवटचा नकार दिला तो 1708 मध्ये. पण वसाहतींच्या कायद्यांवर तो अधिकार जोरात चालू होता. जाहीरनाम्यातली राजाविरुद्धची पहिलीच तक्रार तीच आहे. तरी अमेरिकनांनी तो टाकला नाही. दात काढून ठेवला: राष्ट्राध्यक्ष दहा दिवसांत विधेयक परत पाठवू शकतो, आणि दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं की कायदा होतो. हे गणित मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या घटनेत आधीच वापरलं गेलं होतं.

न्यायाधीश. 1701 च्या ॲक्ट ऑफ सेटलमेंटने इंग्लंडच्या न्यायाधीशांना वर्तन चांगलं असेपर्यंत पद दिलं, राजाची मर्जी असेपर्यंत नाही. वसाहतींतल्या न्यायाधीशांना मात्र ही हमी नाकारली गेली. अमेरिकन घटनेने ती दिली आणि पदावर असताना पगार कमी करता येणार नाही हेही जोडलं. इंग्लंडमध्ये दोन्ही सभागृहांच्या विनंतीवरून न्यायाधीशाला काढता येई. तो दरवाजाही बंद करून फक्त महाभियोग ठेवला.

देशद्रोह. इथे कात्री कशी चालवली ते जवळून पाहण्यासारखं आहे. 1351 च्या इंग्लिश कायद्यात राजद्रोहाचे अनेक प्रकार होते: राजाच्या मृत्यूची इच्छा मनात धरणं, राजाविरुद्ध युद्ध करणं, शत्रूला जाऊन मिळणं आणि त्याला मदत देणं, वगैरे. पहिल्या प्रकाराचा वापर करून कित्येकांना केवळ बोलण्या-लिहिण्यासाठी फासावर चढवलं गेलं होतं. अमेरिकेच्या घटनेने शेवटचे दोन जवळजवळ शब्दशः घेतले आणि पहिला पूर्ण गाळला. व्याख्येआधी 'फक्त' हा शब्द घातला, म्हणजे काँग्रेसला यादी वाढवता येऊ नये. दोन साक्षीदारांची अट इंग्लंडच्या 1696 च्या कायद्यात होती, पण तिथे दोघांनी वेगवेगळी कृत्यं पाहिलेली चालत. अमेरिकेत दोघांनीही एकच उघड कृत्य पाहिलेलं असायला हवं.

हेस्टिंग्जचं नाव तिथे कसं आलं

महाभियोगाची पद्धत इंग्लंडमध्ये 1376 पासूनची. कॉमन्सने आरोप ठेवायचा, लॉर्ड्सनी खटला चालवायचा. राजाला हात लावता येत नाही, तर त्याच्या मंत्र्याला धरायचं, असा तिचा उपयोग. फिलाडेल्फियाच्या मसुद्यात महाभियोगाची कारणं दोनच होती: देशद्रोह आणि लाचखोरी. 8 सप्टेंबर 1787 रोजी व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन उठला आणि म्हणाला की एवढ्याने भागणार नाही; हेस्टिंग्जवर देशद्रोहाचा आरोप नाही.

हा हेस्टिंग्ज म्हणजे बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. त्याच्याच कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि 1782 मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह होऊन ते संपलं. बनारसच्या चेतसिंगाशी आणि अवधच्या बेगमांशी त्याने केलेल्या वर्तनाबद्दल कॉमन्सचा सदस्य एडमंड बर्क याने आरोप तयार केले आणि 1787 च्या मे महिन्यात कॉमन्सने त्याच्यावर महाभियोग आणला. फिलाडेल्फियात अधिवेशन भरलं तेही त्याच महिन्यात.

मेसनने 'गैरकारभार' हा शब्द सुचवला. मॅडिसनने हरकत घेतली: इतका सैल शब्द ठेवला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटची मर्जी असेपर्यंतच पदावर राहील. मग मेसनने तो मागे घेऊन जुना इंग्लिश वाक्प्रयोग पुढे केला, 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स'. चौदाव्या शतकातल्या महाभियोगापासून तो वापरात होता. आठ विरुद्ध तीन राज्यांच्या मतांनी तो स्वीकारला गेला. इथे लोकांची नेहमी गफलत होते. 'मिसडिमीनर' हा शब्द आज किरकोळ गुन्ह्यासाठी वापरतात, पण या वाक्प्रयोगात त्याचा अर्थ पदाचा गंभीर गैरवापर असा आहे, आणि तो फौजदारी गुन्हा असलाच पाहिजे असंही नाही.

बदलही केले. लॉर्ड्स साध्या बहुमताने दोषी ठरवून तुरुंगवासापासून मृत्युदंडापर्यंत काहीही देऊ शकत. सिनेटला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि शिक्षा फक्त पदावरून काढण्याची व पुढे पद न देण्याची. खटल्याशिवाय थेट कायदा करून माणसाला दोषी ठरवण्याची पार्लमेंटची जुनी पद्धत, जिला 'बिल ऑफ अटेंडर' म्हणत, ती घटनेने साफ बंद केली. हेस्टिंग्जचा खटला 1788 मध्ये सुरू झाला आणि 1795 मध्ये तो निर्दोष सुटला. इंग्लंडमधला शेवटचा महाभियोग 1806 चा. अमेरिकेत 1868, 1998, 2019 आणि 2021 मध्ये तो राष्ट्राध्यक्षांवर आणला गेला, एकदाही सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत.

मंत्री सभागृहात का बसत नाहीत

आता ते विसरलेलं कलम. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचा राजा सदस्यांना पगारी पदं आणि पेन्शनं देऊन कॉमन्समध्ये आपली माणसं तयार करत असे. 1701 च्या ॲक्ट ऑफ सेटलमेंटमध्ये यावर उपाय होता: राजाकडून लाभाचं पद किंवा पेन्शन घेणाऱ्याला कॉमन्सचं सदस्य होता येणार नाही. ते अमलात येण्याआधीच, 1706 पर्यंत, पार्लमेंटने ते मोडीत काढलं आणि पद स्वीकारणाऱ्याने पुन्हा निवडून यावं एवढीच अट ठेवली. या एका फटीतून मंत्री सभागृहात बसू लागले, आणि पुढे त्यातून कॅबिनेट आणि पंतप्रधानपद उभं राहिलं.

अमेरिकनांनी नेमकं ते टाकून दिलेलं कलम उचललं. पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या विभागात लिहिलंय की सरकारी पद धारण करणारी कोणतीही व्यक्ती ते पद असेपर्यंत कोणत्याही सभागृहाची सदस्य असणार नाही. म्हणून अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री काँग्रेसचा सदस्य नसतो. सिनेटरला मंत्री व्हायचं तर आधी राजीनामा द्यावा लागतो. आपल्याकडे उलट: मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं, आणि 'लाभाचं पद' हा अपात्रतेचा नियम मंत्र्यांना सूट देऊन उरलेल्यांसाठी चालू आहे. दोन्ही देश एकाच झाडाच्या फांद्या, पण आपली फांदी 1706 नंतर फुटलेली आहे.

याची किंमत अमेरिका आजही मोजते. वेस्टमिन्स्टर पद्धतीत सभागृहाने सरकारचे पैसे अडवले तर सरकार पडतं, किंवा निवडणूक होते. अमेरिकेत दोघांचीही मुदत ठरलेली. कोणी कोणाला घालवू शकत नाही. पैसे अडले की सरकारी कार्यालयंच बंद पडतात. 2018-19 मध्ये असं 35 दिवस चाललं. तो यंत्रणेतला बिघाड नाही. राजाला पैशासाठी अडवून धरायची सतराव्या शतकातली दोरी तशीच ताणलेली आहे, फक्त ती सोडवणारी नंतरची ब्रिटिश सोय अमेरिकेने घेतलेली नाही.

हक्कांची यादी

मेसनने 1787 च्या घटनेवर सही केली नाही, आणि हक्कांची यादी नाही ही त्याची मोठी तक्रार होती. 15 डिसेंबर 1791 रोजी पहिल्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या. तिसरी, घरात सैनिक उतरवू नयेत, ही 1628 ची मागणी. चौथीमागे अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचा ताजा राग होता. लंडनमध्ये 1763 साली जॉन विल्क्सच्या सरकारवर टीका करणाऱ्या नियतकालिकावरून, कोणाचंही नाव नसलेल्या वॉरंटवर, 49 जणांना पकडलं गेलं; बोस्टनमध्ये कस्टमचे अधिकारी कुठेही झडती घेता येईल असे कायमचे परवाने बाळगून होते आणि 1761 मध्ये वकील जेम्स ओटिसने त्याविरुद्ध न्यायालयात तासन्‌तास युक्तिवाद केला. म्हणून चौथ्या दुरुस्तीत झडतीची जागा आणि जप्त करायची वस्तू यांचं नेमकं वर्णन वॉरंटमध्ये असावं असं म्हटलंय. पाचवीतली ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरण्याइतका आरोप आहे का हे ठरवणारे सामान्य नागरिक, ही बाराव्या शतकातल्या इंग्लंडची. इंग्लंडने ती 1933 मध्ये जवळपास बंद केली, अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत ती आजही बसते.

आणि कोणाला वगळलं तेही त्याच स्पष्टपणे सांगायला हवं. 1689 ने शस्त्र बाळगण्याचा हक्क फक्त प्रॉटेस्टंटांना दिला होता; अमेरिकेने सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला बंदी केली, ही मोठी झेप होती. सरदारकीच्या पदव्याही नाकारल्या. पण 'इंग्लिश माणसाचे हक्क' मागणाऱ्यांपैकी कित्येकांच्या शेतांवर गुलाम राबत होते, मेसन आणि मॅडिसन धरून. घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीन पंचमांश गणना केली, म्हणजे त्यांच्या मालकांच्या राज्यांना जादा जागा मिळाल्या आणि त्यांना स्वतःला काहीच नाही. मँचेस्टरच्या उदाहरणाला हसणाऱ्यांनी प्रतिनिधित्वाची याहून वाईट मोडतोड स्वतःच लिहून ठेवली. 1865 मध्ये गुलामगिरी संपवायला यादवी युद्ध आणि तेरावी दुरुस्ती लागली. 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीने 'ड्यू प्रोसेस' राज्यांनाही लागू केलं.

ती चौदावी दुरुस्ती 2019 मध्ये एका गाडीसाठी कामी आली. इंडियाना राज्यात एका माणसाने अमली पदार्थ विकल्याचं कबूल केलं. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड 10,000 डॉलर. सरकारने त्याची सुमारे 42,000 डॉलरची लँड रोव्हर जप्त केली. राज्यांच्या सरकारांवर आठव्या दुरुस्तीतलं अवाजवी दंडाचं बंधन आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 20 फेब्रुवारीला न्यायालयाने एकमताने सांगितलं, आहे. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालात 1689 च्या बिल ऑफ राइट्सचा आणि त्याही मागे जाऊन 1215 च्या मॅग्ना कार्टाचा दाखला दिला. मॅग्ना कार्टाच्या 20 व्या कलमात लिहिलंय की दंड गुन्ह्याच्या मानाने असावा आणि माणसाचं पोट भरण्याचं साधन काढून घेऊ नये: व्यापाऱ्याचा माल सोडावा, कुळाची शेतीची अवजारं सोडावीत. खटला पुन्हा इंडियानाच्या न्यायालयांकडे गेला आणि पुढच्या वर्षी त्याला गाडी परत मिळाली.